बंद रकान्याची जबाबदारी

फॉर्मची मांडणी करणं हा माझा व्यवसाय. पुण्यात राहून मी इतकी वर्षं पतसंस्था, रुग्णालयं, महाविद्यालयं आणि शिष्यवृत्तीच्या योजना यांच्यासाठी स्क्रीन आखत आले. लोकांकडून माहिती नीट भरून घेणं हा या कामातला अवघड भाग, असं बाहेरून वाटतं आणि ते खरंही आहे. मला मात्र सर्वांत जास्त शिकवलं ते ज्यांत कुणी काही भरायचंच नसतं अशा रकान्यांनी. खातेदाराचं नाव, सभासद क्रमांक, आधारवरून आलेली जन्मतारीख, प्रणालीने काढलेलं व्याज. हे रकाने समोर दिसतात, वाचता येतात, पण त्यांना हात लावता येत नाही.

नव्या प्रकल्पाच्या बैठकीत त्यांच्यावर सहसा कुणी बोलत नाही. यादीत त्यांच्यापुढे ‘नॉन-एडिटेबल’ एवढंच लिहिलेलं असतं. डेव्हलपर ते करडे करतो आणि विषय संपतो. तक्रारी येऊ लागल्या की कळतं, वापरणाऱ्यांचा बराचसा गोंधळ नेमका तिथेच साचलेला आहे.

असे रकाने कागदावरही होतेच. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक छापील अर्जाच्या तळाशी ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’ अशी चौकट असते. तिथे पेन टेकवायचं नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. वर लिहिलेलं बदलायचं तर मजकूर दिसेल अशी एक रेघ मारायची, शेजारी नवं लिहायचं आणि सही करायची, हाही रिवाज होता. कागदावर कोणाची हद्द कुठवर हे स्पष्ट असे. शिवाय अर्ज घेणारं माणूस खिडकीत बसलेलं असे. “माझं नाव चुकीचं पडलंय, काय करू?” असं त्याला विचारता येई. स्क्रीनवर हा अर्ज आला तेव्हा चौकट आली, खिडकी मात्र आली नाही. त्या खिडकीचं काम आता मांडणीनेच करायचं असतं, ही समज मला हळूहळू येत गेली.

तांत्रिक बाजू आधी सांगते, कारण पुढचे बरेच प्रसंग तिच्यावर उभे आहेत. रकाना बंद करण्याच्या दोन रीती 1997 साली एचटीएमएल 4 या प्रमाणासोबत आल्या आणि अजून त्याच चालतात. एक रीड-ओन्ली, दुसरी डिसेबल्ड. नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात, पण त्यांची वागणूक वेगळी असते. रीड-ओन्ली रकान्यात कर्सर जातो, मजकूर निवडून कॉपी करता येतो आणि सबमिट केल्यावर तो सर्व्हरपर्यंत पोहोचतो. डिसेबल्ड रकाना टॅबच्या वाटेवरून बाजूला होतो आणि सबमिट करताना त्यातली माहिती पाठवलीच जात नाही. पहिला ‘हे वाच, बदलू नकोस’ असं सांगतो. दुसरा ‘सध्या माझा विचारच करू नकोस’ असं सांगतो.

एका शिष्यवृत्ती योजनेची जुनी प्रणाली आमच्याकडे दुरुस्तीसाठी आली होती. विद्यार्थ्याने सहा अंकी पिनकोड टाकला की जिल्हा आणि तालुका आपोआप उमटत. विद्यार्थी ते पाही, समाधानाने सबमिट करी. कार्यालयात मात्र यादी निघे तेव्हा जिल्ह्याचा स्तंभ रिकामा. लोक कधी विद्यार्थ्यांना दोष देत, कधी इंटरनेटला. दोन्ही रकाने डिसेबल्ड होते, त्यामुळे ब्राउझर ती माहिती पाठवतच नव्हता. प्रणालीने स्वतः भरलेली माहिती तिनेच गाळली होती. कारण सापडलं तरी मला बोचत राहिली ती वेगळीच गोष्ट. मुलांनी डोळ्यांनी जे पाहिलं, त्यावर विसंबून अर्ज दिला, आणि पुढे गेलं ते काहीतरी निराळंच. जे दाखवलं तेच नोंदवलं जाईल, एवढी हमी तरी फॉर्मने द्यायलाच हवी.

अशा रकान्यांचा रंग ही दुसरी मोठी शाळा. एका पतसंस्थेच्या शाखेत मी काम पाहायला बसत असे. काउंटर रस्त्याच्या बाजूला, दुपारचं ऊन थेट मॉनिटरवर. बंद रकान्यांची पार्श्वभूमी फिकट करडी आणि अक्षरंही करडीच. काउंटरवरच्या ताई प्रत्येक खातेदाराचं नाव वाचायला मान पुढे काढत. देवनागरीत हा त्रास जास्त होतो. आपल्या लिपीत अर्थाचा मोठा भार छोट्या खुणांवर असतो. अनुस्वार, रफार, उकार, वेलांटी. करड्यावर करडं आणि अक्षर लहान असलं की आधी याच खुणा विरून जातात. ‘शिंदे’मधला अनुस्वार हरवतो, ‘कुलकर्णी’तला रफार दिसत नाही. चौकटीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली असेल तर खालचा उकार कापला जातो.

संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान 4.5 ला 1 असा फरक मागितला आहे. निष्क्रिय घटकांना मात्र त्यातून सूट आहे. या सुटीचा आधार घेऊन पुष्कळ ठिकाणी वाचायची माहितीही निष्क्रिय बटणाच्या रंगात रंगवली जाते. माझं म्हणणं साधं आहे. जी माहिती वाचण्यासाठीच समोर ठेवली आहे, तिला ही सूट घेता येत नाही. तिथली अक्षरं इतर अक्षरांइतकीच ठळक हवीत. वेगळेपण चौकटीत दाखवावं, चौकट वगळून दाखवावं किंवा शब्दांत सांगावं. ते अक्षरांतून वजा करू नये.

त्याच शाखेत रकान्याची लांबीही नडे. आपल्याकडे आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव अशी ओळ असते. संयुक्त खातं असेल तर दुसरं पूर्ण नाव तिच्या पाठोपाठ येतं. ठरावीक लांबीच्या चौकटीत शेवटचे शब्द आड जातात. उघड्या रकान्यात कर्सर पुढे सरकवून ते वाचता येतात. डिसेबल्ड रकान्यात अनेकदा तेवढीही सोय नसते, आणि काही ब्राउझर त्यातला मजकूर निवडूही देत नाहीत. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन सभासद आणि फरक फक्त वडिलांच्या नावाचा, ही गोष्ट गावोगावच्या पतसंस्थांत रोजची आहे. तो फरक सांगणारा शब्दच चौकटीबाहेर राहिला तर नाव दाखवून उपयोग काय?

दृष्टिहीन सहकाऱ्यांसोबत चाचण्या सुरू झाल्यावर माझ्या विचाराला निर्णायक वळण मिळालं. त्या एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर वापरत. मी शेजारी बसून ऐकत असे. एकीने टॅब दाबत एक अर्ज पूर्ण भरला. मी विचारलं, “तुमचा प्रवर्ग आणि जन्मतारीख बरोबर आली आहे ना?” त्या म्हणाल्या, “कुठे आहे ते? मला तर ऐकूच आलं नाही.” दोन्ही रकाने डिसेबल्ड होते, टॅबने त्यांना ओलांडलं होतं. एकेक ओळ चाचपत गेल्या असत्या तर सापडले असते, पण अर्ज भरताना तसं कोण करतं? ज्या माहितीवर त्यांची पात्रता ठरणार होती, ती न वाचताच त्यांनी ‘वरील माहिती बरोबर आहे’ या ओळीपुढे खूण केली होती. प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि त्यातला मजकूर ऐकू येऊ द्यायचा नाही, हे अन्यायाचं आहे. त्या दिवसापासून ज्याची खातरजमा अर्जदाराने करायची आहे, तो रकाना मी कधीही टॅबच्या वाटेबाहेर ठेवू देत नाही.

याच्या उलट त्रासही तिथेच कळला. तारखेच्या रकान्याला स्पर्श केला की मोबाइलवर कीबोर्ड उघडतो आणि कॅलेंडर झाकलं जातं. ते टाळायला पुष्कळ डेव्हलपर तो रकाना रीड-ओन्ली करून ठेवतात आणि तारीख कॅलेंडरमधून भरतात. डोळस माणसाला काही कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र रकाना फक्त वाचण्यासाठी असल्याचं सांगतो, आणि ऐकणारा पुढे निघून जातो. त्यात भर म्हणजे ब्राउझर रीड-ओन्ली रकान्याची तपासणी करत नाही. ‘आवश्यक’ असा शिक्का असूनही तो रिकामा पुढे जाऊ शकतो. म्हणजे भरायचा रकाना बंद असल्याची घोषणा होते, आणि तो रिकामा राहिला तरी कुणी अडवत नाही.

पुढे एका तालुक्याच्या ठिकाणी शेतकऱ्यांसाठीच्या अर्जाची चाचणी होती. एक काका स्वतःच्या मोबाइलवर नावाच्या चौकटीवर पुन्हा पुन्हा बोट दाबत होते. “फोन बिघडलाय बहुतेक,” म्हणाले. फोन उत्तम होता. चौकट आखली की ‘इथे लिहा’ असं आमंत्रण जातं. रंग कितीही फिका करा, ते आमंत्रण मागे घेतलं जात नाही. मग आम्ही चौकटच काढून टाकली. ‘अर्जदाराचं नाव’ असं लेबल आणि त्याखाली ठळक अक्षरांत नाव, बाकीच्या मजकुरासारखं. पुढच्या काकांनी ते वाचलं, मान हलवली आणि खालच्या रकान्याकडे वळले.

तेव्हापासून मी पहिला प्रश्न असा विचारते: या स्क्रीनवर, या माणसाला, हा रकाना कधीतरी बदलता येणार आहे का? उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर तो रकानाच नव्हे, तो मजकूर आहे. त्याला मजकुरासारखाच मांडावा. ओळ मोडू शकते, नाव पूर्ण दिसतं, रक्कम 1,25,000 अशी आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह आणि खाली अक्षरी देता येते. उत्तर ‘कधीकधी’ असेल, म्हणजे व्यवस्थापकाला बदलता येतो पण लिपिकाला नाही, किंवा मंजुरीआधी येतो आणि नंतर नाही, तर रीड-ओन्ली चौकट योग्य. डिसेबल्ड ठेवावा तो फक्त जो सध्या लागूच नाही असा. ‘अविवाहित’ निवडल्यावर जोडीदाराच्या नावाचा रकाना, हे त्याचं साधं उदाहरण. तिथेही तो लपवणं अनेकदा अधिक बरं.

ड्रॉपडाउन, चेकबॉक्स आणि रेडिओ बटण यांना रीड-ओन्ली हा गुण एचटीएमएलमध्ये लागूच होत नाही. इथे घाईत ते डिसेबल्ड केले जातात, आणि माहिती पाठवायला मागे एक लपवलेला रकाना जोडला जातो. मी अशा ठिकाणी निवडलेला पर्याय सरळ मजकूर म्हणून दाखवायला सांगते. ‘प्रवर्ग: इतर मागास वर्ग’ ही एक ओळ, सगळे पर्याय असलेल्या पण न उघडणाऱ्या यादीपेक्षा खूप काही सांगते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट डेव्हलपर मित्रांना मी कळकळीने सांगत असते. रीड-ओन्ली ही मांडणीतली सूचना आहे, कुलूप नव्हे. ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडून तो गुण कुणालाही काढता येतो आणि रक्कम बदलून अर्ज पाठवता येतो. शुल्क, सवलत, व्याजाचा दर असं काहीही स्क्रीनवरून परत आलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. सर्व्हरने ते स्वतःच्या नोंदीतून पुन्हा घ्यावं. बंद रकाना प्रामाणिक माणसाला दिशा दाखवतो. अप्रामाणिक माणसाला थोपवणं हे सर्व्हरचं काम.

हिशेबाने भरल्या जाणाऱ्या रकान्यांनी मला विश्वासाबद्दल शिकवलं. मुदत ठेव मोडताना व्याजाची रक्कम प्रणाली काढे आणि बंद रकान्यात दाखवी. तरीही एक अनुभवी रोखपाल प्रत्येक वेळी बाजूला कॅल्क्युलेटरवर ती पडताळून पाहत. त्यांच्यावर अविश्वासाचा ठपका ठेवणं चूक ठरलं असतं. ठेवीदाराने विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं. आम्ही रकमेखाली मुद्दल, लागू झालेला दर आणि मोजलेले दिवस लिहिले. मुदतीआधी मोडल्यामुळे दर कमी झाला असेल तर तेही. काही आठवड्यांत कॅल्क्युलेटर बाजूला राहिला. पुढे त्या हाच मजकूर ठेवीदाराला वाचून दाखवू लागल्या. आकडा बदलू देणार नसू, तर तो कसा आला हे दाखवणं आपल्यावर येतं.

रुग्णालयाच्या कामात बंद रकान्याची दुसरी बाजू दिसली. डॉक्टरांनी औषधाची मात्रा लिहून सही केली की ती नोंद बंद होई. सुरुवातीला काही परिचारिकांना ते जाचक वाटलं. पण रात्रपाळीत मात्रेवरून शंका निघाली तेव्हा ‘मूळ नोंद जशीच्या तशी आहे’ हा त्यांचाच आधार ठरला. तिथे आम्ही बदल करू दिलाच नाही, भर घालू दिली. जुनी नोंद वाचता येईल अशी राहते, खाली दुरुस्ती येते, सोबत कुणी केली आणि किती वाजता हे लिहिलेलं असतं. कागदावरच्या त्या एका रेघेचा आणि सहीचा रिवाज इथे नव्या रूपात परत आला. तोवर मी बंद रकान्याकडे केवळ अडथळा म्हणून पाहत होते. नीट बंद केलेला रकाना माणसाचं रक्षणही करतो, हे त्या परिचारिकांनी मला दाखवलं.

या विषयावर विचार करताना मला सातबारा नेहमी आठवतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या आयुष्यातला हा सर्वांत महत्त्वाचा ‘दिसतो पण बदलता येत नाही’ असा मजकूर. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कुणाची. गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. आता सातबारा घरबसल्या पाहता येतो. पण सातमधलं नाव मालक स्वतः बदलू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी फेरफार आहे. तलाठ्याकडे नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 155 आहे. उलट बाराच्या बाबतीत 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीने शेतकऱ्याच्याच हाती नोंद दिली. शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून तो स्वतः पीक नोंदवतो. एकाच उताऱ्याचा एक भाग बंद राहिला, दुसरा उघडला. कोणती गोष्ट कुणाला खात्रीने माहीत आहे, आणि कोणत्या गोष्टीत इतरांचे हक्क गुंतले आहेत, यावर हे ठरतं. फॉर्ममधला प्रत्येक रकाना उघडा की बंद, हेही असंच ठरवायला हवं.

सातबाऱ्याची वाट लांब असेल, पण ती आहे आणि तिला नाव आहे. आपल्या बहुतेक फॉर्ममध्ये हेच नसतं. एका योजनेच्या मदत कक्षात मी फोन ऐकायला बसले होते. बहुतेकांचं म्हणणं एकच: “नाव चुकलंय आणि बदलू देत नाही.” फोनवरची मुलगी दर वेळी तेच उत्तर देई. तेच उत्तर आम्ही रकान्याखाली लिहिलं. ‘हे नाव तुमच्या आधारवरून घेतलं आहे. इथे बदलता येणार नाही. चूक असल्यास आधार केंद्रात दुरुस्ती करून घ्या. दुरुस्तीनंतर इथे ‘पुन्हा आणा’ हे बटण दाबा.’ शेजारी कुलपाचं चित्र आधीपासून होतं, पण त्यावरून लोक वेगवेगळे अर्थ काढत होते. कुणाला ‘माहिती सुरक्षित आहे’ असं वाटे, कुणाला पासवर्ड हवा असं. ओळ लिहिल्यावर असे फोन झपाट्याने कमी झाले. जे येत त्यांतला सूरही बदलला. लोक आता भांडत नव्हते, केंद्र कुठे आहे ते विचारत होते.

बंद आणि शिवाय रिकामा असा रकाना तर माणसाला सर्वांत असहाय करतो. भरता येत नाही, आणि का भरला गेला नाही हेही कळत नाही. तिथे ‘लागू नाही’, ‘अजून नोंद झालेली नाही’ किंवा ‘संबंधित विभागाकडून यायची आहे’ यांपैकी जे खरं असेल ते लिहिलंच पाहिजे. ‘सध्याचा पत्ता कायमच्या पत्त्याप्रमाणेच’ ही खूण केल्यावर पत्त्याचे रकाने भरून बंद होतात, तिथेही असाच विचार लागतो. खूण काढली की माणसाने आधी स्वतः लिहिलेला पत्ता परत दिसायला हवा. बंद करण्याच्या नादात दुसऱ्याचे कष्ट पुसले जाऊ नयेत.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने स्वतःबद्दलची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मांडला आहे. तो हक्क सामान्य माणसाला कायद्याच्या पुस्तकात भेटणार नाही. तो भेटेल त्या एका चुकलेल्या नावासमोर, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर. तिथे त्याला वाट दिसली तर हक्क खरा.

आता मी कोणताही फॉर्म आखताना बंद रकान्यांचा एक तक्ता करते. ही माहिती कुठून आली, ती या माणसाला का बदलता येत नाही, आणि चूक असेल तर ती कुठे, कुणाकडून दुरुस्त होईल. तिसरं घर बऱ्याचदा रिकामं निघतं, कारण संस्थेनेच त्याचा विचार केलेला नसतो. मग मी संबंधित खात्याकडे जाते, अधिकाऱ्यांना विचारते, उत्तर मिळेपर्यंत थांबते. कधी त्यामुळे संस्थेत दुरुस्तीची रीतसर पद्धत पहिल्यांदा तयार होते. तोवर ती स्क्रीन मी डेव्हलपरकडे पाठवत नाही. नव्या डिझायनर मुलामुलींनाही मी हेच सांगते: तिसरं घर भरलं गेल्याशिवाय रकाना बंद करू नका.